बॉक्स, कुण्या तालुक्यातले?

1770 रुपये. म्हणजे 1500 फी आणि वर 18 टक्के जीएसटी. आकडा आधीच सांगून मोकळा होतो, नाहीतर पुढचं सांगताना तो करपट ढेकरासारखा मधेमधे वर येत राहील.

संभाजीनगरात जालना रोडवरच्या एका हॉटेलात उद्योजकांचा मेळावा होता. आता मेळावा म्हणत नाहीत, 'नेटवर्किंग मीट' म्हणतात. माझा चिकलठाण्यात पुठ्ठ्याच्या खोक्यांचा छोटा कारखाना आहे. पुण्यात आयटीत असलेल्या भाच्याचं म्हणणं, "मामा, तुम्ही लोकांत मिसळत नाही, म्हणून धंदा वाढत नाही." त्यानं व्हिडिओ पाठवले. तीस सेकंदांत ओळख कशी करून द्यावी, हात किती दाबावा, समोरच्याच्या डोळ्यांत किती वेळ बघावं. आठवडाभर मी बाथरूमच्या आरशाला माझी ओळख करून देत होतो. शेवटी बायकोनं बाहेरून विचारलं, "पाणी सोडू का बंद करू?"

नोंदणीच्या टेबलाशी एक पोरगी बसली होती. "कंपनी?" मी तीस सेकंदांतलं पहिलं वाक्य काढलं, "आम्ही बॉक्स पुरवतो." मान वर न करता ती म्हणाली, "दादा, मागच्या गेटनं घ्या ना. जेवणाचं सगळं तिकडंच उतरवायलेत."

अंगात ब्लेझर होता. मेव्हणीच्या लग्नातला, पण ब्लेझर. मी पावती दाखवली. ती ओशाळली आणि घाईघाईत मार्करनं स्टिकर लिहून दिला. छातीवर चिकटवल्यावर पाहिलं, तर नावाच्या जागी 'बॉक्स'. दुसरा मागावा, तर मागं रांग लागलेली.

आता कोणी म्हणेल, सरळ 'खोके' म्हणायचं. म्हणून बघा. 2022 साली राज्यात जे काही झालं, त्याचा सगळ्यात जास्त ताप कोणाला झाला असेल तर पुठ्ठ्याच्या धंद्यातल्या माणसाला. "खोके बनवतो" म्हटलं की समोरचा "पन्नास का?" विचारतो, आणि हा विनोद जगात त्यालाच पहिल्यांदा सुचलाय अशा थाटात हसतो. आपल्यालाही हसावं लागतं, कारण तो गिऱ्हाईक असू शकतो. बँकेतला माणूस हसला, जीएसटीवाला हसला, माझा स्वतःचा व्याही हसला. म्हणून मी 'बॉक्स' म्हणतो. आणि बॉक्स म्हटलं तर मागचं गेट.

हॉलमध्ये चार-पाच कोंडाळी उभी होती. बाहेरून नुसत्या पाठी. देवगिरीच्या किल्ल्यात निदान अंधारी तरी आहे, चाचपडत का होईना माणूस वर पोचतो. या पाठींत तेवढीही फट नव्हती. मी एका कोंडाळ्याच्या कडेला जाऊन आतल्या विनोदांवर हसत उभा राहिलो. चौथ्या विनोदाला एकानं वळून मला रिकामा ग्लास दिला.

स्टेजवर वाळूजच्या एका कारखान्याचे परचेसचे साहेब बोलत होते. विषय, 'नाती जपा, धंदा वाढेल'. या साहेबांकडं माझं चार महिन्यांचं बिल अडकलंय. लहान उद्योगाचे पैसे फार तर 45 दिवसांत चुकते करावेत, असा 2006 चा कायदा आहे. अलीकडं तर वेळेत दिले नाहीत तर त्या वर्षीच्या आयकरात तो खर्च धरता येत नाही, अशी मेखही मारून ठेवलीय. पण कायदा दाखवला की पुढची ऑर्डर दुसऱ्याला जाते, म्हणून आम्ही कायदा घडी घालून खिशात ठेवतो आणि दर सोमवारी फोन करतो. तो फोन साहेब उचलत नाहीत. टाळ्या मात्र मीही वाजवल्या. हात आपोआप वाजले, याचाच जास्त राग येतो.

कोपऱ्यात एक काका गुलाबजाम खात बसले होते. धोतर, टोपी आणि डोळ्यावर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर देतात तो काळा गॉगल. शेजारची खुर्ची रिकामी होती, मी टेकलो. काकांनी गॉगल जरा वर करून बऱ्या डोळ्यानं माझी छाती वाचली.

"बॉक्स," ते म्हणाले. "हे आडनाव कुण्या तालुक्यात येतं?"

"आडनाव नाही काका. धंदा आहे."

"मंग आडनाव?"

सांगितलं.

"गाव?"

"गंगाखेडच्या अलीकडं."

"म्हंजे जनाबाईचं गाव! अलीकडं म्हंजे गंगेच्या या अंगाला का त्या अंगाला?"

"या अंगाला."

"मंग परभणीच म्हणा की. आईचं माहेर?"

इथं मला व्हिडिओ आठवला. संभाषणाचा लगाम आपल्या हाती घ्या, समोरच्याला प्रश्न विचारा. मी त्यांच्या डोळ्यांत, म्हणजे गॉगलमध्ये बघून विचारलं, "काका, तुमचं क्षेत्र कोणतं?"

"नऊ एकर मोसंबी. आईचं माहेर?"

भाच्यानं मला दोन शास्त्रज्ञही पाठ करायला लावले होते. मार्क ग्रॅनोव्हेटर म्हणून अमेरिकेतले एक. त्यांनी 1973 साली दाखवून दिलं की नोकरीची खबर जिवलगांपेक्षा जुजबी ओळखीच्या माणसांकडून जास्त मिळते. दुसरे इंग्लंडचे रॉबिन डनबार. त्यांच्या हिशेबानं माणसाला साधारण 150 लोकांशीच धड संबंध ठेवता येतात. दीडशे! दीडशे माणसं आमच्याकडं साखरपुड्याच्या पहिल्या पंगतीला बसतात, आणि न बोलावलेली दीडशे वर्षभर तोंड फिरवून चालतात. आणि जुजबी ओळख म्हणजे काय, हे तर काकांना समजावूनच सांगता आलं नसतं.

"परतूर," मी म्हणालो.

"परतूरात कोण?"

मामांचं नाव सांगितलं. काकांनी वाटी खाली ठेवली. गॉगल पूर्ण काढला, जो डॉक्टरांनी काढू नका म्हणून नक्की बजावलं असणार.

"उंच? बोलता बोलता असा खांदा उडवायचे?"

"हो! पण वारले ते. झाली बरीच वर्षं."

"वारले..." काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "लई चांगला माणूस. 87 साली माळेगावच्या जत्रेत माझ्याकडून लालकंधारी गोऱ्हा नेला त्यानं. तीनशे रुपये बाकी ऱ्हायले."

मी गुलाबजामकडं बघू लागलो.

"तुम्ही द्या असं नाही म्हणत मी," काका म्हणाले. "मामाचं देणं भाच्यानं फेडावं असं कुठं लिहिलेलं नाही." जरा थांबून, "फेडू नये असं बी लिहिलेलं नाही."

मी पाचशेची नोट काढली. का काढली, माहीत नाही. त्या हॉलमध्ये माझ्याशी बोललेला तो एकच माणूस होता. काकांनी ती कोपरीच्या खिशात सरकवली. "सुट्टे नाहीत बघा. दोनशे पुढच्या भेटीत. फोन लिहून द्या." मी व्हिजिटिंग कार्ड दिलं. दोनशे छापलीत, हे पहिलं गेलं.

एवढ्यात परचेसचे साहेब लगबगीनं आले. "काका, गॉगल का काढला?" म्हणजे हे पुतणे. डोळा दाखवायला जालन्याहून काकांना आणलेलं, दवाखान्यातून घरी नेता नेता इथं बसवून ठेवलेलं.

काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "हे आपल्या परतूरच्या पाव्हण्यांचे भाचे. चोख माणूस. मेलेल्या मामाची उधारी फेडली यानं."

चार महिन्यांचं बिल थकवलेल्या साहेबांनी माझ्याकडं कौतुकानं पाहिलं. "अरे वा! आणि काय करता आपण?"

तीस सेकंदांतलं सगळं घशात आलं. बाहेर पडलं एवढंच, "खोके."

"पन्नास का?" साहेब म्हणाले, आणि काकांना धरून लिफ्टकडं गेले.

सोमवारी मी साहेबांना फोन केला. उचलला नाही. मंगळवारी काकांचा आला. पुण्याच्या लेकीकडं मोसंबी पाठवायची होती, पाच प्लायचे, म्हणजे पाच थरांचे, दहा खोके हवे होते, हवेला भोकं पाडून. पस्तीसप्रमाणे साडेतीनशे झाले. "ते दोनशे त्यात धरा," काका म्हणाले, "बाकीचे दीडशे गड्याजवळ रोख देतो." हिशेब बरोबर वाटला. टेंपो बराच पुढं गेल्यावर ध्यानात आलं, की ते दोनशे मी द्यायचे नव्हते, मला यायचे होते.

काकांना फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"बोला पाव्हणं," काका म्हणाले. "बरं झालं फोन केला. तुमच्या वडलांच्या बाजूचं विचारायचंच ऱ्हायलं होतं."