बंद घर बारा वर्षांनी पंचायतीचे होते काय?

गेल्या काही महिन्यांपासून इंदूरच्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सअॅप गटांमध्ये एक संदेश फिरतो आहे आणि रामबागेपासून सुदामानगरापर्यंत ओळखीच्या किमान दहा जणांनी तो मला ‘हे खरे आहे का’ असे विचारून पाठवला आहे. त्याचा आशय थोडक्यात असा : माळव्यातील खेड्यांत ज्यांची वडिलार्जित घरे बंद आहेत त्यांनी ती ताबडतोब विकावीत, कारण बारा वर्षे कुलूप राहिले की घर ग्रामपंचायतीचे होते, ड्रोनच्या मोजणीत बंद घर शेजाऱ्याच्या नावे चढते, कोणाला वापरायला दिले तर ते परत मिळत नाही, भावंडांचे एकमत होत नसेल तर आपला हिस्सा परस्पर विकून मोकळे व्हावे, आणि इटलीत अशी घरे एक युरोला जातात, तेव्हा सरपंचांच्या पुढाकाराने ती पुन्हा नांदती होतील ही आशाच भोळी आहे.

माझे बरेचसे आयुष्य वाटणीपत्रे आणि नामांतरणाचे कागद तयार करण्यात गेले आहे, आणि देवासच्या पुढे एका खेड्यात आमचाही वाडा कुलूपबंद आहे. म्हणजे या विषयात मी तटस्थ नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

बारा वर्षांचा दावा सर्वांत आधी घ्यायला हवा, कारण बाकीची सगळी भीती त्याच्यावरच उभी आहे. हा आकडा हवेतून आलेला नाही. १९६३ च्या मुदत कायद्याच्या अनुच्छेद ६५ प्रमाणे मालकी हक्काच्या आधारे स्थावराचा ताबा मागण्याची मुदत बारा वर्षांची आहे, आणि त्याच कायद्याच्या कलम २७ प्रमाणे ती उलटून गेल्यास मालकाचा हक्कच संपतो. संदेश लिहिणाऱ्याने बहुधा एवढेच ऐकले असावे. मात्र ही बारा वर्षे घर बंद झाल्याच्या दिवसापासून मोजली जात नाहीत. दुसऱ्या कोणाचा ताबा मालकाच्या विरोधात सुरू होतो त्या दिवसापासून ती मोजली जातात, आणि तो ताबा उघड, अखंड आणि ‘हे घर माझेच आहे’ अशा भूमिकेचा असावा लागतो. आत कोणी शिरलेलेच नसेल तर मोजायला सुरुवात कुठून करणार? आपल्या कुलपाने बंद असलेले घर हे कायद्याच्या दृष्टीने आपल्याच ताब्यात असते, मग त्या कुलपाला गंज चढलेला का असेना.

पंचायतीबाबत तर गोष्ट आणखी स्पष्ट आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३००अ प्रमाणे कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणाचीही मालमत्ता हिरावून घेता येत नाही, आणि २०२० मध्ये हिमाचल प्रदेशातील एका वृद्ध विधवेच्या जमिनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, केवळ दीर्घकाळ ताबा ठेवून नागरिकाच्या मालमत्तेवर मालकी सांगण्याची मुभा राज्यसंस्थेला नाही. ती जमीन रस्त्यासाठी १९६७ मध्ये घेतली होती. म्हणजे पन्नासहून अधिक वर्षे उलटल्यावरही सरकारचे हे म्हणणे टिकले नाही. रस्त्यावर कोसळू पाहणारी भिंत उतरवून घ्या, असे पंचायत सांगू शकते, आणि तिने ते सांगावेही. पण त्याचा मालकीशी संबंध नाही.

तरीही या दाव्यात एक खरा धोका दडलेला आहे आणि तो संदेशात नेमका आलेला नाही. घर बंद असते तेव्हा पुढचा दरवाजा सुरक्षितच असतो. जाते ते मागचे परस. शेजाऱ्याचा गोठा आधी हातभर सरकतो, मग त्याला कुडाऐवजी विटांची भिंत येते, मग वर पत्रा चढतो, आणि वर्षातून एकदा कुलदैवताला जाताना मोटारीतूनच वाड्याचे दर्शन घेणाऱ्या आपल्याला हे दिसतच नाही. त्या पट्टीपुरती बारा वर्षे खरोखर मोजली जाऊ शकतात. माझ्या पाहण्यातले जवळजवळ सगळे वाद परसाचे होते. त्यावर उपाय विक्री नाही, वेळेवर दिलेली लेखी हरकत आहे.

ड्रोनच्या मोजणीविषयीचा दावा अर्धवट माहितीतून आला आहे. ही मोजणी केंद्र सरकारच्या स्वामित्व योजनेतली आहे. ती योजना २४ एप्रिल २०२० रोजी प्रायोगिक स्वरूपात आणि वर्षभराने देशभर सुरू झाली. मध्य प्रदेश अगदी पहिल्या राज्यांपैकी आहे. शेतजमिनीला खसऱ्याचा, म्हणजे सरकारी जमीन-नोंदीचा, आधार होता, पण आबादीतल्या, म्हणजे गावठाणातल्या, घरांना बहुतेक ठिकाणी नोंदच नव्हती, ती तयार करणे हा या योजनेचा हेतू आहे. घरांच्या हद्दी चुन्याने आखल्या जातात, भारतीय सर्वेक्षण विभागाचे ड्रोन वरून चित्रे घेते, त्यावरून बनलेला नकाशा गावात पडताळला जातो आणि मसुदा हरकतींसाठी खुला ठेवला जातो. घर बंद म्हणून ते शेजाऱ्याला देण्याची तरतूद यात कुठेही नाही. हद्द दाखवायला मालकाकडून कोणीच आले नाही तर चूक होऊ शकते, हे मात्र मान्य केले पाहिजे. आणि गावातच राहणाऱ्या एका चुलतभावाचे नाव एकट्याने चढते, असेही घडते. त्या नोंदीने इतर वारसांचा हक्क संपत नाही, कारण वारसांमधील मालकीचा वाद दिवाणी न्यायालयच मिटवते. परंतु नोंद दुरुस्त करण्याच्या फेऱ्या वाचवायच्या असतील तर पटवारी आणि पंचायत सचिव यांच्याकडे आजच चौकशी करावी. इंदूरहून तासा-दीड तासाच्या अंतरावरच्या गावासाठी हे फार नाही.

‘किल्ली दिली की घर गेले’ हा समज आपल्या मागच्या पिढीने शहरातील भाडेकरूंच्या अनुभवावरून बांधला आणि तो खेड्यावर जसाच्या तसा लादला. मालकाच्या परवानगीने राहणाऱ्याचा ताबा हा विरोधी ताबा नसतो. गोव्यातील एका घराच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केले की, राखणदार, काळजीवाहू किंवा नोकर कितीही वर्षे राहिला तरी त्या राहण्यातून त्याला मालमत्तेत हक्क मिळत नाही. भाडेकरूलाही, भाडेकरू म्हणून राहत असेपर्यंत, मालकाची मालकी नाकारता येत नाही. हा पुराव्याच्या कायद्यातला जुना नियम नव्या साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. अट एकच, की परवानगी कागदावर असावी. एक वर्षाहून अधिक मुदतीचा किरायानामा नोंदवावाच लागतो, आणि तो नोंदवण्याचा कंटाळा करून पुढे कायद्याच्या नावाने बोटे मोडणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

भावंडांना वगळून आपला हिस्सा विकण्याचा सल्ला मला या संदेशातील सर्वांत घातक भाग वाटतो. अविभक्त हिस्सा विकता येतो, हे खरे आहे. पण मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा घेणाऱ्या परक्या माणसाला इतरांबरोबर संयुक्त ताबा मागता येत नाही. त्याने वाटणीचा दावा लावला तर १८९३ च्या वाटणी कायद्याच्या कलम ४ प्रमाणे कुटुंबातील हिस्सेदार त्याचा हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला विकत घेऊ शकतो. शिवाय हिंदू वारसा कायद्याचे कलम २२ सहवारसांना खरेदीचा अग्रहक्क देते. एवढे सगळे लोढणे असलेल्या हिश्शाला पूर्ण भाव कोण देईल? असा हिस्सा घेणारा माणूस बहुधा भांडणाच्या तयारीनेच आलेला असतो, आणि तो भाव पाडूनच घेतो. विकणारा मोकळा होतो, वाडा मात्र पुढची वीस वर्षे न्यायालयाच्या तारखांवर जगतो. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचाही सहदायिक, म्हणजे वडिलार्जित मालमत्तेतील जन्मसिद्ध हिस्सेदार, म्हणून समान हक्क आहे, तेव्हा आत्यांना आणि बहिणींना न विचारता केलेली ‘सर्वसंमती’ ही संमती नव्हेच.

आता इटलीकडे वळू. एक युरोला घरे विकण्याची कल्पना सिसिलीतील सालेमी या गावाच्या महापौरांनी २००८ मध्ये मांडली, आणि २०१९ मध्ये साम्बुका या दुसऱ्या सिसिलियन गावामुळे ती जगभर गाजली. संदेश या किमतीवरून घरे कवडीमोल असल्याचा निष्कर्ष काढतो. वस्तुतः एक युरो ही साम्बुकातील लिलावाची केवळ पहिली बोली होती, आणि घेणाऱ्याने तीन वर्षांत घर दुरुस्त केले पाहिजे, नाहीतर पाच हजार युरोची अनामत जप्त होईल, अशी अट होती. म्हणजे गावाला किंमत नको होती, दुरुस्त झालेले घर हवे होते. शिवाय १९६८ च्या भूकंपानंतर सोडलेली ती घरे नगरपालिकेच्या हाती आलेली होती, म्हणून महापौरांना ती विकता आली. आपल्याकडे घर वारसांचे असते. सरपंच ते विकू शकत नाही आणि त्याने तसे करावे अशी कोणाची अपेक्षाही नाही. त्यामुळे या उदाहरणातून स्थानिक पुढाऱ्यांचा निरुपयोग सिद्ध होत नाही. उलट गावच्या पुढाऱ्याने मनावर घेतल्याशिवाय तिथे काहीच हलले नव्हते.

आपल्याला जवळचे उदाहरण जपानचे आहे. २०२३ च्या तिथल्या सर्वेक्षणात सुमारे नव्वद लाख घरे, म्हणजे एकूण घरांच्या जवळपास चौदा टक्के, रिकामी आढळली. तिथल्या अनेक नगरपालिका रिकाम्या घरांची यादी ठेवतात, घर मालकाचेच राहते, आणि घर शोधणारा व मालक यांची गाठ घालून देण्यापुरतेच काम पालिका करते. घर मोडकळीस येऊ दिले तर जमिनीच्या करातील सवलत काढून घेण्याचा अधिकारही २०१५ पासून लागू झालेल्या कायद्याने त्यांना मिळाला, कारण त्या सवलतीपायीच लोक पडकी घरे तशीच उभी ठेवत होते. कर आपल्याकडे तसे नाहीत, पण यादीची कल्पना मात्र उचलण्यासारखी आहे.

माळव्याची खेडी जपानसारखी ओस पडलेली नाहीत. गाव भरलेले असते, रिकामा असतो तो वाडा, आणि त्याच गावात अंगणवाडी अंधाऱ्या खोलीत भरते, शिक्षिका रोज बसने ये-जा करते आणि लसूण-कांदा ठेवायला हवेशीर जागा मिळत नाही. ही गरज आणि कुलूप यांच्यामध्ये उभे राहण्याचे काम गावातलाच माणूस करू शकतो, कारण अण्णांचा थोरला नातू पुण्यात आहे, मधली नात बडोद्याला दिली आहे आणि दोघांचे बोलणे बंद आहे, हे त्यालाच ठाऊक असते. तहसीलदाराच्या नोटिशीने जे वारस एकत्र येत नाहीत ते गावच्या पटेलांच्या एका फोनने येतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

सरपंचाचा गट असतो, त्याचे हितसंबंध असतात आणि पाच वर्षांनी माणूस बदलतो, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच करार सरपंचाशी न करता पंचायतीच्या ठरावाने व्हावा, ग्रामसभेत वाचला जावा आणि भाडे आधी छपरावर खर्च व्हावे असे त्यात लिहिलेले असावे. छप्पर गळले की सागाचे खांबही टिकत नाहीत. आणि मातीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा केला तर ओल आतच कोंडते, तिथे चुनाच हवा. प्रत्येक वाड्याचे होमस्टे होईल असे सांगणाऱ्यांवरही विश्वास ठेवू नये. महेश्वर-मांडूच्या रस्त्यावर ते जमेल, आमच्या गावी कोण पर्यटक येणार!

आमच्या वाड्याच्या ओसरीलगतच्या दोन खोल्या पंचायतीने अंगणवाडीसाठी मागितल्या आहेत. मृगाच्या आधी कवेलू फेरून घेतले, अकरा महिन्यांच्या किरायानाम्याचा मसुदा तयार आहे आणि त्यावर सात जणांच्या सह्या झाल्या आहेत. आठवी सही ज्यांची राहिली आहे त्या चुलतभावानेच वरील संदेश मला सर्वांत आधी पाठवला होता, आणि हे उत्तर मी मुख्यतः त्याच्यासाठी लिहिले आहे.