'शेवट ओढूनताणून' हे पटलं नाही

रे ब्रॅडबरी यांच्या 'समथिंग विकेड धिस वे कम्स' (१९६२) या हॅलोविनच्या आठवड्यातल्या कादंबरीत जादूला नियम नाहीत आणि हसण्याने दुष्टांचा पराभव हा शेवट ओढूनताणून आणलाय, असं लेखात म्हटलंय. दोन्ही पटत नाही. नियम तर काटेकोर आहेत. गावात आलेल्या दुष्ट जत्रेतलं मेरी-गो-राउंड उलटं फिरलं की प्रत्येक फेरीला एक वर्ष कमी, सुलटं फिरलं की एक वर्ष जास्त. उलटं फिरताना संगीतकार शोपँचं शवयात्रेचं संगीतही उलटंच वाजतं. स्विच मोडतो, यंत्र थांबत नाही, म्हणून जत्रेच्या मालकांपैकी एक, कूगर, शंभरी ओलांडतो आणि पुढे त्याला विजेवर जगवावं लागतं. मुख्य म्हणजे शरीराचं वय बदलतं, मन तेच राहतं. झाडाखाली रडणारी ती लहान मुलगी म्हणजे शिक्षिका मिस फोली, आणि तिला आता कुणीच ओळखणार नाही. पुस्तकातली खरी भीती मला इथे वाटते, जत्रेचा दुसरा मालक, टॅटूवाल्या डार्कमध्ये नाही.

हसण्याची तयारीही आधीपासून आहे. (पुढे शेवट फुटतो, वाचलं नसेल तर इथेच थांबा.) ग्रंथालयात जत्रेतली चेटकीण ५४ वर्षांच्या चार्ल्स हॅलोवेचं (नायक विलच्या वडिलांचं) हृदय थांबवू पाहते, तेव्हा त्याला गुदगुल्या होऊन हसू फुटतं आणि ती पळते. मग तो बंदुकीच्या गोळीवर चंद्रकोरीसारखं हसू कोरतो, तिला संपवतं ते हसूच. त्यानंतर हसण्यानेच आरशांचा चक्रव्यूह फुटतो, आणि विलचा मित्र जिम याला हसूनच शुद्धीवर आणण्याची पाळी सगळ्यात शेवटी. उलट डार्क हसण्याने मरतच नाही. लहान मुलगा झालेल्या त्याला चार्ल्स मायेने घट्ट कवटाळतो, त्याने मरतो. लेखात नेमका हाच प्रसंग सुटलाय.