एक बाकडे, तीन लोक

गोव्यात पेडण्याकडच्या जत्रेत काल्याला (दशावतारी नाटकाला) बसायचे म्हणजे रात्रभर मांडी घालायची, पायाला मुंग्या आणायच्या आणि वर देवाधर्माच्या चुकाही काढायच्या. हे शेवटचे काम आम्हां प्रेक्षकांना कोणी सांगितलेले नसते. तरी ते आम्ही नेटाने करतो.

मंचावर सामान काय, तर एक लाकडी बाकडे. राजा बसला की सिंहासन, ऋषी बसला की आश्रमातली शिळा, नायिका आडवी झाली की पलंग. बाकड्याभोवती एक फेरी मारली की पात्र स्वर्गातून पृथ्वीवर येते. पखवाजाची लय वाढली की समजायचे, घाई आहे. गणपती सोंडेसकट नाचून जातो. सरस्वतीच्या कमरेला मोर बांधलेला असतो आणि मोराखाली माणसाचे दोन पाय चालतात. मग काळ्या कपड्यांतला, लांब लाल जिभेचा संकासुर वेद पळवतो आणि मधल्या वेळात गावच्या रस्त्यातल्या खड्ड्यांचा विषयही काढतो. सगळे मंजूर! माईक मधोमध टांगलेला, म्हणून अदृश्य झालेला राक्षससुद्धा त्याच्याखाली येऊनच बोलतो. त्यालाही हरकत नाही.

हरकत येते ती मनगटावर. इंद्राने वज्र उगारले, बाही घसरली आणि आत घड्याळ दिसले की मागून ओरडा होतो, 'घड्याळ रे, घड्याळ!' पुढची पाच मिनिटे इंद्र एका हाताने लढतो. दाढीचा दोरा कानावरून सुटला तर तेवढे हशावर निभावते. नात्यात चूक मात्र महाग पडते. संवाद लिहिलेले नसतात. आख्यान आणि पात्रे रंगपटात ठरतात, बाकीचे तोंडावर. त्या भरात कोणी कर्णाला गांधारीचा मुलगा केले, तर खाजे खाणारी आजी खाणे थांबवते. तिला सोंड चालते, मोराचे पाय चालतात. कुंतीचा मुलगा दुसरीला दिलेला चालत नाही. (लाकडी तलवारी एकमेकींना न लागता माणूस मरतो, याबद्दल आजीची तक्रार नाही.) स्त्रीपार्टी करणारा पुरुष आहे हे तिला ठाऊक असते, तरी द्रौपदी रडली की पदर डोळ्यांना लागतो. आणि त्याच पदराआडून ती बघून घेते, द्रौपदीने निऱ्या नीट काढल्यात ना.

पहाटे दहीहंडी फुटते. चहाच्या गाड्यावर इंद्र काजळ न पुसताच येतो. लोक सरकून त्याला बाकड्यावर जागा देतात. रात्री ओरडलेला गृहस्थ शेजारीच असतो. पहिल्या बसची त्याला घाई. तो वाकून इंद्राच्या मनगटाकडे बघतो आणि किती वाजले ते विचारतो.