गॅरोचं श्रेय गॅरोला, बाकीचं ज्याचं त्याला

कायद्याच्या विद्यार्थ्यांमध्ये एक मजकूर फिरतोय. ‘गुन्हा सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष’ हे तत्त्व म्हणे विल्यम गॅरो या इंग्रज बॅरिस्टरने १७९१ मध्ये शोधून काढलं, ज्युरीपुढे घणाघाती भाषणं करून गोरगरिबांना फासापासून वाचवलं आणि जन्मभर सत्तेशी झुंज घेतली.

तत्त्व त्याचं नव्हे. जोहान्स मोनाकस या फ्रेंच धर्मकायद्याच्या पंडिताने ते १३०० च्या सुमारास लॅटिनमध्ये लिहून ठेवलं होतं. फ्रान्सच्या १७८९ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात ते नवव्या कलमात आहे. गॅरोने ते वाक्य लंडनच्या ओल्ड बेली या फौजदारी कोर्टात, जॉर्ज डिंगलर या पत्नीच्या खुनाच्या आरोपीच्या खटल्यात उच्चारलं, इतकंच. त्या खटल्यातली मोठी गोष्ट वेगळीच आहे. मृत पत्नीची जबानी डिंगलरच्या गैरहजेरीत घेतली होती, म्हणून कोर्टाने ती पुराव्यात धरली नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येही या निर्णयाचा दाखला दिला. मजकुरात त्याचा पत्ता नाही!

भाषणांचं तर विचारूच नका. गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात आरोपीच्या वकिलाला ज्युरीपुढे भाषण करायची मुभाच नव्हती. ती मिळाली १८३६ मध्ये. तोवर साक्षीदाराला प्रश्न विचारायचे, कायद्याचे मुद्दे काढायचे, बस्स. मग गॅरोने सगळा युक्तिवाद उलटतपासणीत कोंबला. वाटमारी करणाऱ्याला शिक्षा झाली की पकडून देणाऱ्यांना ४० पौंडांचं सरकारी बक्षीस असे, आणि त्यावर पोट भरणारे लोक लंडनमध्ये होते. अशा साक्षीदाराला गॅरो बक्षिसाबद्दलच खोदून खोदून विचारायचा. साक्षीमागचा स्वार्थ ज्युरीला साक्षीदाराच्याच तोंडून कळायचा. माझ्या मते त्याचं खरं मोठेपण इथे आहे, आणि भाषणबाजीच्या दंतकथेत नेमकं तेच झाकलं जातं.

‘जन्मभर सत्तेविरुद्ध’ हे तर उघड चूक. ओल्ड बेलीतला बचावाचा काळ साधारण दहा वर्षांचा. १७९३ मध्ये तो किंग्ज कौन्सेल, म्हणजे राजाने नेमलेला ज्येष्ठ वकील, झाला. पुढच्याच वर्षी थॉमस हार्डी या राजकीय सुधारणावाद्यावरच्या राजद्रोहाच्या खटल्यात तो सरकारी वकिलांत होता. समोर बचावाला थॉमस अर्स्किन. ज्युरीने हार्डीला निर्दोष सोडलं. १८१३ मध्ये गॅरो अॅटर्नी जनरल झाला, १८१७ मध्ये न्यायाधीश.

तरी त्याला सरळ सत्तेचा हुजऱ्या म्हणणंही जमत नाही. लुइसा काल्देरॉन या मुलीचा छळ करवल्याबद्दल त्रिनिदाद या ब्रिटिश वसाहतीचा माजी गव्हर्नर थॉमस पिक्टन १८०६ मध्ये कोर्टात उभा राहिला, तेव्हा त्याच्याविरुद्धचा खटला गॅरोनेच चालवला. ज्युरीने पिक्टनला दोषी ठरवलं. पुढे फेरसुनावणी झाली आणि शिक्षा मात्र त्याला कधीच झाली नाही.