उसनी पिस्तुले, अस्सल राग

दोन वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळात गणेशोत्सवाच्या तोंडावर एक लहानसा वाद झाला. हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या एका मुलाला सांस्कृतिक कार्यक्रमात स्वतः लिहिलेले मराठी रॅप म्हणायचे होते. विषय होता वडिलांचे ग्रीन कार्ड, म्हणजे इथल्या भारतीयांच्या नशिबी आलेली ती न सरकणारी रांग. कार्यकारिणीने शब्द आधी मागवून घेतले. त्यांत एकही शिवी सापडली नाही, तरीही ‘गणपतीत हे असले नको’ असे ठरले. त्याच संध्याकाळी नऊवारी नेसलेल्या चौघींनी फडावरची लावणी सादर केली, तिच्यातल्या दुहेरी अर्थांना पहिल्या रांगेतून शिट्ट्या आल्या, आणि त्या रांगेत कार्यकारिणीच बसली होती. लावणीबद्दल माझी तक्रार नाही. मात्र एके काळी सभ्य घरांत जिचे नाव काढायचे नाही असा दंडक होता, तीच आज संस्कृतीची प्रतिनिधी म्हणून मंचावर येते आणि तिच्याच नावाने नव्या प्रकाराला दार लावले जाते, हे पाहून मला महाराष्ट्रातल्या वादांची आठवण झाली.

तिकडे हा वाद मंडळाच्या बैठकीत न संपता पोलीस ठाण्यात पोहोचतो. 2023च्या एप्रिल महिन्यात दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडल्या. छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासे या तरुणाने राज्यातल्या सत्तांतरावर, त्यात वाटल्याचा आरोप झालेल्या पैशांच्या ‘खोक्यां’वर आणि चोरांवर एक रॅप केले आणि त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. पाठोपाठ मुंबईतही सरकारवर टीका करणाऱ्या आणखी एका रॅपरला पोलिसांनी गाठले. त्याच सुमारास सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत तलवार, पिस्तूल आणि दारूची बाटली मांडून, शिव्यांसह चित्रित केलेले एक रॅप समोर आले आणि तिथेही तक्रार झाली. चर्चा इमारतीच्या पावित्र्याची झाली. (ती इमारत मुळात इंग्रज गव्हर्नरचा बंगला, 1897 साली प्लेग अधिकारी रँड तिथलाच समारंभ आटोपून परतत असताना चापेकरांनी त्याच्यावर गोळी झाडली, हे त्या चर्चेत कोणाला आठवल्याचे मला दिसले नाही.) मला खटकले ते वेगळेच. सत्तेला प्रश्न विचारणारे गाणे आणि तलवार मिरवणारे गाणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी. परंतु ‘रॅप म्हणजे शिव्या, रॅप म्हणजे परक्यांचे थेर’ या एकाच वाक्यात दोन्हींचा निकाल लावला गेला.

परकेपणाच्या आरोपापासून सुरुवात करते, कारण मी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात शिकवते आणि या संगीताचा जन्म जिथे झाला असे मानतात ती इमारत माझ्या रोजच्या वाटेपासून फार दूर नाही. 1520 सेजविक अव्हेन्यू. पाहायला गेलेल्या माणसाची निराशाच व्हावी अशी ती विटांची उंच, सर्वसाधारण चाळवजा इमारत आहे. पायथ्याशी महामार्ग इतका जवळ आहे की, फुटपाथवर उभे राहून बोलायचे तर आवाज चढवावाच लागतो. 11 ऑगस्ट 1973 रोजी इथल्या सामाईक खोलीत सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळेच्या नव्या कपड्यांसाठी पैसे उभे करावेत म्हणून पार्टी ठेवली. मुलींना 25 सेंट आणि मुलांना 50 सेंट प्रवेशमूल्य होते. तबकड्या वाजवायला होता तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क. गाण्यात गायक थांबून नुसता ताल उरतो, त्या काही सेकंदांवर पोरे सर्वांत जास्त नाचतात हे त्याने हेरले होते. मग एकाच गाण्याच्या दोन तबकड्या शेजारी ठेवून तो तेवढाच तुकडा आलटून पालटून लांबवत नेई आणि त्यावर ध्वनिक्षेपकातून हाळी देई. त्याआधी क्रॉस ब्राँक्स एक्स्प्रेसवे या रस्त्यासाठी हजारो कुटुंबांची घरे पाडली गेली होती आणि सत्तरच्या दशकात या भागातल्या इमारती एकामागून एक जळत होत्या. लोकांच्या हाती उरले होते ते जुन्या तबकड्या आणि तोंड.

आता यातला परकेपणा कोणाचा? हर्क स्वतः जमैकाहून आलेला. तालावर बोलण्याची, भल्या मोठ्या ध्वनिवर्धकांभोवती गर्दी जमवण्याची रीत तिथली. म्हणजे ज्याला आपण अमेरिकेचे म्हणतो ते अमेरिकेतही स्थलांतरिताच्या सामानातूनच आले. आणि तालावर शब्द फेकून प्रतिस्पर्ध्याला निरुत्तर करण्याची गंमत मराठी माणसाला कोणी शिकवावी? कलगी-तुऱ्याचे फड काय होते? कोकणात शक्तीवाले, म्हणजेच कलगीवाले, आणि तुरेवाले आजही एकमेकांना रात्रभर सवाल टाकतात, समोरच्या शाहिराची भर मंचावर उतरवतात, आणि हे सामने चाकरमान्यांबरोबर मुंबईच्या नाट्यगृहांतही आले. गिरणगावात अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने जे केले ते सत्तेला न रुचणारेच होते. सरकारने तमाशावर बंदी आणली तेव्हा अण्णाभाऊंनी त्याला ‘लोकनाट्य’ म्हटले आणि खेळ चालू ठेवला. आज अमरावतीचा रॅपर हंड्रेड आरबीएच वऱ्हाडी वळणाने शब्द फेकतो किंवा मुंबईच्या स्वदेसी या रॅप गटातला एमसी मवाली आरेच्या जंगलासाठी तिथल्या प्रकाश भोईर या आदिवासी गायकाबरोबर वारली लोकांचे गाऱ्हाणे मराठीत मांडतो, तेव्हा त्यात उसने काय आहे ते मला खरोखर दाखवून द्यावे.

उसने आहे, पण ते दुसरीकडे. पिस्तूल, सोनसाखळी, भाड्याने आणलेली मोटार, आणि बाई म्हणजे त्या मोटारीइतकीच मिरवायची वस्तू, हा सगळा पसारा अमेरिकी बाजारातून जसाच्या तसा आला आहे. इथल्या संगीत कंपन्यांनी वस्तीतल्या रागापेक्षा वस्तीतली हिंसा अधिक उत्साहाने विकली, असे माझे मत आहे. माझ्या वर्गातली मुले, ज्यांचे आजी-आजोबा त्या जळक्या इमारतींतून जगले, हेच मत माझ्यापेक्षा कडक शब्दांत मांडतात. त्यांच्यापैकी एक मुलगा गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर ओळी लिहितो. पेन्सिलीने बाकावर ठेका धरून तो एकेका ओळीतली अक्षरे मोजतो, ती न बसल्यास अख्खी ओळ खोडतो. दिवसभरात त्याने इतक्या काळजीने केलेले दुसरे काम मी पाहिलेले नाही. आणि त्या ओळींतही मधूनच एक अशी शिवी येते, जी ऐकून शेजारच्या मुलीची मान खाली जाते.

या मानेचे काय करायचे, हा प्रश्न अमेरिकेला 1990 साली पडला होता. फ्लोरिडातील न्यायालयाने टू लाइव्ह क्रू या रॅप गटाचा एक अल्बम अश्लील ठरवला, तो विकणाऱ्या दुकानदाराला अटक झाली, गटातल्या गायकांवरही खटला चालला. हेन्री लुई गेट्स या साहित्याच्या अभ्यासकाने साक्षीत सांगितले की, अतिशयोक्ती आणि शिवराळ थट्टा ही कृष्णवर्णीयांच्या मौखिक परंपरेतली जुनी खेळी आहे. ज्यूरीने गायकांना निर्दोष सोडले आणि 1992 साली वरच्या न्यायालयाने अल्बमवरचा निर्णयही फिरवला. मला मात्र गेट्सपेक्षा किंबर्ली क्रेनशॉ या कृष्णवर्णीय कायदेतज्ज्ञ बाईंनी घेतलेली भूमिका अधिक पटते. खटला वर्णद्वेषातून निवडून चालवला गेला हे त्यांनी मान्य केले आणि गाणी बायकांचा अपमान करणारी आहेत हेही तितक्याच स्पष्टपणे लिहिले. परंपरा आहे म्हणून अपमान पचवा, असे त्यांनी बायकांना सांगितले नाही, आणि अपमान आहे म्हणून पोलीस बोलवा, असेही नाही. आपल्याकडच्या चर्चेत ही जागा रिकामी आहे. एक बाजू संस्कृतीचा कैवार घेते, दुसरी अभिव्यक्तीचा, आणि गाणे काय म्हणते हे ऐकायला कोणी थांबत नाही.

अमेरिकेने हे सोडवले आहे, असा कोणाचा समज असेल तर तो चुकीचा आहे. केंड्रिक लमार या रॅपरला 2018 साली संगीताचे पुलित्झर हे मानाचे पारितोषिक मिळाले हे खरे. पण जॉर्जियात यंग थग या रॅपरवरील खटल्यात त्याच्या गाण्यांच्या ओळी पुरावा म्हणून वापरायला न्यायाधीशांनी परवानगी दिली, ही त्यानंतरची गोष्ट आहे. कॅलिफोर्नियाने 2022 साली असा वापर मर्यादित करणारा कायदा केला, कारण खुनाची कादंबरी लिहिणाऱ्याला कोणी खुनी समजत नाही, रॅपरच्या ‘मी’ला मात्र कबुलीजबाब मानले जाते. महाराष्ट्रातल्या ठाणेदाराच्या हातात असा कागद नाही. त्याच्यापुढे तक्रार येते, तक्रारीमागे नेता असतो, आणि गाण्यातला ‘चोर’ कोण हे नेत्याने स्वतःच ओळखलेले असते.

आमच्या मंडळातला तो मुलगा पुढच्या वर्षी पुन्हा आला. या खेपेस त्याने अर्जात ‘पोवाडा’ असे लिहिले होते. डोक्याला फेटा, हाती डफ, आणि दर चार ओळींनी मागच्या दोघा मित्रांचे ‘जी जी रं जी’. शब्द तेच होते. मी आदल्या वर्षीचा कागद जपून ठेवला होता म्हणून मला कळले. कार्यकारिणीच्या अध्यक्षांनी व्यासपीठावर येऊन त्याची पाठ थोपटली आणि नव्या पिढीने परंपरा जपल्याबद्दल नारळ दिला.