उसात सापडलेली बिबट्याची पिल्लं अनाथ नसतात

ऊसतोड सुरू झाली की निफाड, दिंडोरी, सिन्नरकडच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: 'फडात पिल्लं सापडली म्हणजे आई सोडून गेली. माणसाचा हात लागला की ती पिल्लांना जवळ करत नाही. त्यांना दूध पाजा, मादीला पकडून लांबच्या जंगलात सोडा.' हे ऐकून वागलं तर पिल्लं दगावतात आणि तोडणी कामगारांचा धोका वाढतो.

बहुतेक वेळा आई सोडून गेलेली नसते. पिल्लं पाचटात लपवून ती शिकारीला जाते, किंवा कोयत्यांचा आवाज ऐकून शेजारच्या उभ्या उसात दबून बसते. अंधार पडल्यावर ती परत येते.

हात लागल्याची गोष्ट तर पूर्ण खोटी. नाशिक आणि जुन्नर भागात पशुवैद्यांनी हाताळून तपासलेली पिल्लं माद्यांनी पुन्हा उचलून नेली आहेत. हातमोजे घालायचे ते संसर्ग टाळायला, वासाच्या भीतीने नव्हे.

पिल्लं दिसली की त्या फडातली तोडणी लगेच थांबवा, माणसं मागे घ्या आणि वनविभागाच्या 1926 वर फोन करा. पशुवैद्याने तपासल्यावर पिल्लं जिथे सापडली त्याच सरीत ठेवतात, तीही अंधार पडायच्या आत. वरून टोमॅटोचं रिकामं कॅरेट पालथं घालायचं. जाळीतून वारा लागतो, पिल्लांचा वास आणि आवाज बाहेर जातो, आणि मादी पंजाने ते सहज उलटवते. कॅरेटवर दगड ठेवू नका. लक्ष ठेवायला कॅमेरा ट्रॅप, म्हणजे हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, पुरतो. मादी एकेक पिल्लू तोंडात धरून नेते, म्हणजे दोन-तीन खेपा होतात. एक नेलं आणि एक राहिलं म्हणून पहाटे घाईने उचलू नये. पहिल्या रात्री ती आली नाही तर दुसऱ्या रात्री त्याच जागी पुन्हा ठेवतात.

बहुतेक वेळा फिसकटतं ते माणसांमुळे. बांधावर गर्दी, बॅटऱ्यांचे झोत, मोटारसायकली, किंवा 'इथे सोय नाही' म्हणून पिल्लं दुसऱ्या शेतात हलवणं. मग मादी जुन्या जागेवर वस्तीजवळ शोधत फिरते, आणि अशा मादीसमोर माणूस अचानक येणं सगळ्यात वाईट.

गाईच्या दुधाने पिल्लाला हगवण लागते. उताणं धरून बाटली लावली तर दूध फुफ्फुसात जातं. ते काम पशुवैद्यावर सोडा.

लांब सोडण्याचा प्रयोग जुन्नर वनविभागात झालेला आहे. 2001 पासून मोठ्या संख्येने बिबटे हलवल्यावर माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 वरून 17 वर गेले. बिबट्या अनोळखी मुलखात भरकटतो, आणि रिकामी झालेली जागा दुसरा घेतो. ज्या घराने हल्ल्यात माणूस गमावला, त्याला हे सांगणं जड जातं, पण पुढचा हल्ला टाळायचा तर सांगावंच लागतं.

शिवाय फोटोतली 'बिबट्याची पिल्लं' कित्येकदा रानमांजराची किंवा वाघाटीची असतात. रानमांजराचं पिल्लू मातकट, अंगावर पुसट पट्टे. वाघाटीचं चिमुकलं, पाठीवर ठिपक्यांच्या ओळी. पूर्ण वाढलेली वाघाटीसुद्धा पाळीव मांजरापेक्षा लहान असते. बिबट्याच्या पिल्लाची अंगकाठी दणकट, पंजे मोठे, काळे ठिपके दाट. ओळख पटो न पटो, कॅरेट, जागा आणि फोन तेच.