आयटी पार्क नको भो, दुसरी नोकरी द्या

निवडणूक जवळ आली की आमच्या खान्देशात ठरलेले बॅनर बाहेर निघतात. पाडळसरे धरण, विमानसेवा आणि आयटी पार्क. धरणातलं मला काही कळत नाही म्हणून त्यावर बोलत नाही, पण आयटी पार्कवर बोलायचा थोडाफार हक्क आहे असं वाटतं, कारण जळगावात बसून दाल मिलवाले, केळीवाले, सराफ यांना सॉफ्टवेअर करून देणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा आहे. मूळ गाव धुळ्याकडचं, हे आधीच सांगून ठेवतो, पुढे कामाला येईल.

आयटी पार्क म्हटलं की आमच्या पुढाऱ्यांच्या (आणि खरं सांगायचं तर आपल्याही) डोळ्यासमोर हिंजवडीची काचेची बिल्डिंग येते. समजा बांधली. एमआयडीसीत जागा आहे, वीज आहे, भुसावळला दीपनगरचं वीज केंद्र तर घराशेजारीच आहे, फायबर आलंय. आत बसणार कोण? लगेच उत्तर येतं, आपली पोरं. बरोबर, पोरं आहेतच. बांभोरीचं इंजिनिअरिंग कॉलेज 1983 चं, जळगावचं शासकीय 1996 चं, शिवाय शिरपूर, फैजपूर, धुळे. दरवर्षी पोरं पास होतात, कॅम्पसमधून घेतली जातात नाहीतर दोन जोडी कपडे घेऊन कॉट बेसिसवर पुण्याला जाऊन पडतात, आणि मग गावाकडे आईबाप अभिमानाने सांगतात, मना पोऱ्या पुनाले शे, कंपनीम्हा. फ्रेशर ही आपली अडचण कधीच नव्हती. अडचण आहे ती दहा-बारा वर्षं काम केलेल्या माणसाची. फ्रेशरच्या डोक्यावर बसून त्याचा कोड वाचणारा, क्लायंटला हे होईल आणि हे होणार नाही असं तोंडावर सांगणारा, रात्री सर्व्हर पडला तर हातपाय न गाळणारा माणूस. तो खान्देशचाच आहे पण तो पुण्यात वाकडला टू बीएचकेत राहतो.

आणि तो येत का नाही? लोक म्हणतात पगार. मी म्हणतो पगार हे तोंडावर सांगायचं कारण आहे. चोपडा तालुक्यातला एक मित्र आहे, पुण्यात लीड आहे, आईवडील गावी एकटे, मनापासून परत यायचंय त्याला, कमी पगारावर पण यायला तयार. तो मला एकच प्रश्न विचारतो. "येतो भो, पण ती कंपनी बंद पडली तर? किंवा मालकाशी माझं नाहीच जमलं तर?" बस. पुण्यात नोकरी गेली तर रस्ता ओलांडला की दुसरी कंपनी, निदान आजवर तरी तसं होतं. जळगावात नोकरी गेली तर बिऱ्हाड उचला, पोरांची शाळा बदला, परत पुणं. बरं त्याची बायको पण आयटीत, म्हणजे एका घराला एक नाही तर दोन नोकऱ्या लागतात आणि दोन्हींना पर्याय लागतो. म्हणजे आपण सगळे पहिली नोकरी आणायच्या मागे लागलोय आणि माणूस अडलाय दुसऱ्या नोकरीवर. एक मोठी कंपनी आणली की प्रश्न सुटला असं वाटणाऱ्यांनी याचा विचार करावा.

ही गोष्ट आपल्याला नवीन नाहीये खरं तर. जळगावच्या सराफ बाजारात कारागीर एका पेढीवर पटलं नाही तर दुसऱ्या दिवशी शेजारच्या पेढीचं काम घेतो, त्याला गाव सोडावं लागत नाही. डाय वाला तिथेच, पॉलिशवाला तिथेच, हॉलमार्कचं सेंटर जवळच, उधार देणारा पण ओळखीचा. चटईच्या कारखान्यांचं तसंच, प्लास्टिक चटई म्हटलं की जळगाव, एका कारखान्यात सुपरवायझर असलेला माणूस काही वर्षांनी स्वतःच्या दोन मशिनी टाकतो, मालक चार दिवस तोंड फुगवतो आणि मग त्यालाच जॉबवर्क देतो. ठिबक आणि पीव्हीसी पाईपचं बघा, जैन इरिगेशनच्या भवरलालजी जैनांनी एक मोठं काम उभं केलं आणि त्या कामाची माहिती असलेली माणसं या गावात तयार झाली. फिटर, मोल्डवाला, डीलर, शेतात जाऊन डिझाईन काढणारा. सॉफ्टवेअरमधे हेच व्हायला पाहिजे, एका कंपनीतून बाहेर पडलेल्या पोरांनी त्याच गल्लीत दुसरी काढायला पाहिजे, आणि पहिल्या मालकाने त्याला गद्दार न म्हणता गिऱ्हाईक द्यायला पाहिजे. हे शेवटचं आपल्याकडे जरा अवघड आहे.

आता अमळनेर. आयटीचा विषय निघाला की आमच्याकडे कोणीतरी छाती काढून सांगतोच की विप्रो आपल्या अमळनेरची. शंभर टक्के खरंय. 29 डिसेंबर 1945 ला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाने सुरू झाली, शेंगदाणा तेल, वनस्पती तूप, मग कपड्याचा साबण. 1966 ला वडील गेले आणि एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेतलं शिक्षण सोडून परत आले. अमळनेरात ज्यांनी शेअर धरून ठेवले त्यांचं काय झालं हे सगळ्यांना माहितीये, त्या गोष्टी सांगण्यात आपली अर्धी संध्याकाळ जाते. पण पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. 1977-78 ला आयबीएम भारतातून गेली, काँप्युटर बनवायची जागा मोकळी झाली, विप्रो त्यात उतरली, तेव्हा ते काम अमळनेरला का आलं नाही? कारण तेलाला शेंग लागते आणि शेंग आपल्याकडे होती. काँप्युटरला इंजिनिअर लागतो आणि तो बंगलोरला होता.

तो तिथे आकाशातून पडला नव्हता. 1909 पासून इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, 1940 ला विमानाचा कारखाना, 1948 ला टेलिफोनवाली आयटीआय, 1953 ला यंत्रं बनवणारी एचएमटी, 1954 ला भारत इलेक्ट्रॉनिक्स. चाळीस-पन्नास वर्षं सरकारी पगारावर तिथे माणसं घडत होती, मग 1985 ला अमेरिकेची टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स आली आणि लोकांना वाटलं आयटी तेव्हा सुरू झालं. अजून एक गंमत बघा. इन्फोसिस 1981 ला पुण्यात सुरू झाली आणि 1983 ला बंगलोरला गेली. का गेली? तिचं देशातलं पहिलं मोठं गिऱ्हाईक, गाड्यांचे सुटे भाग बनवणारी मायको, बंगलोरला होतं. पार्क नाही, सबसिडी नाही, गिऱ्हाईक. आपल्या पुण्याहून गिऱ्हाईकाने कंपनी उचलून नेली.

म्हणून मला आयटी पार्कच्या मागणीपेक्षा हा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो की खान्देशात सॉफ्टवेअरचं गिऱ्हाईक कोण. आणि इथे मी नुसता आशावादी नाहीये, रोज बघतो म्हणून सांगतो.

केळी घ्या. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर, सगळा पट्टा. 2016 ला जळगावच्या केळीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, एक्स्पोर्टची केळी 13 किलोच्या बॉक्समधे आखातात जाते. पण व्यवहार कसा होतो? रावेरचा भाव, बऱ्हाणपूरचा भाव, त्यावर फरक, मग नव्या लागवडीची नवती वेगळी, खोडव्याची पिलबाग वेगळी, हलक्या प्रतीची वापसी वेगळी, पावसाळ्यानंतर लावलेल्या कांदेबागाचा हिशोब वेगळा, त्यातून कटती, मजुरी, गाडीभाडं. हे सगळं व्हॉट्सॲपवर आणि व्यापाऱ्याच्या वहीत. पुण्या-बंगलोरच्या पोरांनी बनवलेली चकाचक शेती ॲप इथे येऊन आपटतात कारण त्यात "वापसी" नावाचा कॉलमच नसतो. शेतकऱ्याला पाहिजे की माझी बाग कधी कापली, किती वजन, कोणता भाव लागला, पैसे कधी येणार. व्यापाऱ्याला पाहिजे की उद्या कोणाची बाग तयार आहे आणि कोणत्या रस्त्याने गाडी जाईल. वर फळपीक विमा, तो हवामानावर चालतो, थंडी किती उतरली आणि ऊन किती चढलं यावर, म्हणजे तापमानाच्या आकड्यांवर लोकांचे पैसे अवलंबून आहेत आणि ते आकडे शेतकऱ्याला समजेल अशा भाषेत दाखवणारं काही नाही. हे काम रावेरात मोठा झालेला पोरगाच करू शकतो.

दाल मिल घ्या. तुरीत ओलावा किती, घट किती, डाळीचा उतारा किती पडला, चुनी-भुसा किती निघाला, यावर मालकाचा नफा ठरतो आणि बहुतेक ठिकाणी तो मालकाच्या किंवा जुन्या मुनीमजींच्या डोक्यात असतो. सॉर्टेक्स मशीन डाळीचा दाणा कॅमेऱ्याने बघून काळा-डागी दाणा उडवतं, ते बिघडलं की बाहेरून माणूस येईपर्यंत मिल बंद. आता सांगा, फोटो बघून दाणा ओळखणं हेच तर आज एआय एआय म्हणून शिकवून राहिले ना कॉलेजात? पोरं फायनल इयरला कुत्रा-मांजर ओळखायचा प्रोजेक्ट करतात, तो पण विकत घेतलेला, आणि मिल तिथून वीस मिनिटांवर. सराफांचं तर सरकारनेच काम वाढवून ठेवलंय, 1 एप्रिल 2023 पासून प्रत्येक हॉलमार्क दागिन्याला सहा अक्षरी ओळख क्रमांक, म्हणजे एचयूआयडी, त्याच वर्षी ऑगस्टपासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस. सॉफ्टवेअर लागणारच, प्रश्न फक्त कोणाकडून घेणार एवढाच.

आणि इथे आपल्या व्यापारी मंडळींना दोन शब्द बोलायचेत, राग आला तर येवो. बाहेरचा सेल्समन टाय लावून आला की त्याला तीन वर्षांचं पॅकेज ॲडव्हान्समधे देतात आणि गावातल्या पोराने तेच काम सांगितलं तर "आधी चालवून दाखव, मग बघू", आणि चालवून दाखवलं की "घरचाच आहेस, पैशाचं काय एवढं". घरचा आहे म्हणूनच द्या ना. वेळेवर मिळालेलं एक बिल दहा उद्घाटनांपेक्षा जास्त काम करतं.

सरकारचं पण तेच. एका सरकारी ऑफिसचं छोटंसं टेंडर होतं, रेकॉर्ड स्कॅन करून शोधता येईल असं करायचं, आम्हाला सहज जमणारं. अट काय तर मागची तीन वर्षं इतक्या कोटींची उलाढाल आणि तसलंच काम आधी केल्याचं सर्टिफिकेट. काम मुंबईच्या कंपनीला गेलं, तिने ते पुढे कोणालातरी दिलं आणि शेवटी स्कॅनरसमोर बसलेली पोरं आमच्याच गावची, रोजंदारीवर. जिल्हा परिषद, महापालिका, विद्यापीठ, बाजार समित्या यांची छोटी छोटी कामं धरली तर चार-पाच कंपन्या आरामात जगतील. त्यासाठी नवीन पॉलिसी नको, टेंडरच्या दोन ओळी बदलायला पाहिजे.

सबसिडीबद्दल. केंद्राची बीपीओची, म्हणजे कॉल सेंटरसारख्या कामांची, स्कीम होती, छोट्या शहरांसाठी, 493 कोटींची तरतूद, 48,300 सीट, एका सीटला एक लाखापर्यंत मदत. हेतू चांगला होता, काही गावांत कामं आली पण. पण मला सीट मोजण्याची ही पद्धतच पटत नाही. खुर्ची मोजली की खुर्च्या येतात. माणूस तिथे पाच वर्षांनी आहे का, तो शिकून वरच्या कामाला लागला का, त्याने स्वतःचं काही काढलं का, हे कोणी मोजत नाही. आणि कॉल सेंटर, डेटा एंट्री असली कामं तर आता एआय सगळ्यात आधी खाऊन राहिलंय, त्याच्यावर गावाचं भविष्य बांधायची ही वेळ नाही.

मग कोणी तेनकासीचं उदाहरण देतं. झोहो या सॉफ्टवेअर कंपनीचे श्रीधर वेंबू तमिळनाडूत तेनकासीजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले, स्थानिक पोरांना बारावी-डिप्लोमानंतर स्वतःच शिकवून कामाला घेतलं. मला ते काम मनापासून आवडतं, विशेषतः डिग्रीचा कागद बाजूला ठेवण्याची हिंमत. पण आपण त्यातून चुकीचा धडा घेतो की एखादा वेंबू आपल्याकडे पण येईल. तो यायचा तेव्हा येईल. आणि तेनकासीत पण माझ्या मित्राचा प्रश्न आहेच, एका कंपनीच्या गावात दुसरी नोकरी कुठे?

लॉकडाऊनने एक गोष्ट मात्र सिद्ध करून दिली. 2020-21 ला हीच सीनियर मंडळी शहादा, पारोळा, चोपडा इथल्या माडीवर बसून अमेरिकेचं काम करत होती आणि काम अडलं नाही. मग कंपन्यांनी ऑफिसला बोलावलं, गेली. काही मात्र अजून पूर्ण रिमोटवर इथेच आहेत, कोणाच्या यादीत नाहीत, एकमेकांना ओळखत पण नाहीत. कलेक्टर ऑफिसने किंवा विद्यापीठाने एवढं जरी केलं, की एक बऱ्यापैकी जागा, चांगलं नेट, जनरेटर, आणि हे लोक आठवड्यातून एकदा तिथे बसतील, फायनल इयरची पोरं समोर बसतील, तर मला वाटतं काचेच्या बिल्डिंगपेक्षा लवकर काही उभं राहील. त्यांच्यातले दोघं-तिघं रिमोट नोकरी गेल्यावर स्वतःचं काढतीलच, आणि माझ्या मित्राला दुसरी नोकरी तिथे दिसेल.

आता भांडणाचा मुद्दा. हे करायचं कुठे? आपल्याकडे लगेच जळगाव की धुळे सुरू होतं, मग नंदुरबार म्हणतं आम्ही काय पाप केलं, मग प्रत्येक आमदाराला आपल्या तालुक्यात एक पाटी पाहिजे. माणसं आधीच कमी, ती चार ठिकाणी वाटली तर कुठेच दुसरी नोकरी तयार होणार नाही. मी धुळ्याचा असून सांगतो, सुरुवात जळगाव-भुसावळलाच करा. दोन्ही गावं जवळ, रेल्वे जंक्शन आहे, विद्यापीठ आहे, विमानतळ आहे, आणि केळी-डाळ-सोनं-ठिबक अशी चार प्रकारची गिऱ्हाईकं एका गावात बसलीत. धुळ्याला नरडाणा एमआयडीसी, टेक्सटाईल, आणि 2024 ला मंजूर झालेली इंदूर-मनमाड रेल्वे यातून वेगळं काहीतरी मिळेल, तिकडे मालवाहतुकीचं गणित जास्त जमतं. धुळेकर मित्र आता मला पांझरा नदीत बुडवतील, बुडवा, पण आधी एकाने मला धुळ्यात सॉफ्टवेअरला वेळेवर पैसे देणारी दहा गिऱ्हाईकं दाखवा, मी लगेच ऑफिस हलवतो.